थंड हवेची सोंड

मराठी साहित्य मंडळाच्या ई-अंकात गाडीच्या नळीवर लेख कशाला, हा प्रश्न मला अंक निघायच्या आधीच दोघांनी विचारून झालाय. माझं उत्तर एवढंच, की ‘दम’ या शब्दावर निबंध लिहायला सांगितला असता तर कुणी काही बोललं नसतं. दम लागतो, दम धरतो, दम खातो, दम देतो, दमछाक होते. आमच्याकडे जुन्या गाडीच्या बाबतीत मेकॅनिक जवळजवळ हाच शब्दकोश वापरतात. चढाला गाडी ‘दमते’, तिला ‘दम नाही’, आणि कार्बोरेटर साफ केल्यावर ती ‘दम धरते’. इंजिन श्वास घेतं ही कविकल्पना नाही, अगदी शब्दशः तसं आहे. फक्त तो श्वास कुठून घ्यावा यावर सध्या आमच्या घरात वाद चालू आहे, आणि हा लेख त्या वादातून निघालाय.

माझं घर जोयडा तालुक्यात, रामनगरच्या बाजूला. सुपा धरणात ज्यांची घरं गेली त्यांच्यातल्या कितीतरी कुटुंबांना याच रामनगरात बिऱ्हाड करावं लागलं. सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचं नावही बदलून जोयडा झालं. मामांकडे कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. मॉडेल गेल्या शतकातलं. घरात एकच चारचाकी, आणि आजूबाजूच्या चार-पाच घरांचीही तीच. वाड्यावरून कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, रविवारी म्हाताऱ्या माणसांना मिस्साला आणायचं असो, तीच गाडी. मामांच्या मुलाने, म्हणजे माझ्या भावाने, मोबाइलवर व्हिडिओ बघून ठरवलं की गाडीला ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवायचं, घरीच. मूळ फिल्टरचा काळा डबा काढून टाकायचा, उघडा चकचकीत शंकूसारखा फिल्टर आणायचा, आणि पीव्हीसी पाइपने तो बंपरच्या मागे खाली नेऊन ठेवायचा. म्हणे गाडी उडेल. मामा म्हणाले, “उडेल की, पण जुलैत पोहायला पण लागेल.”

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून जरा नीट बघू.

आधी इंजिन हवा किती खातं ते पाहा. पेट्रोल नीट जळायचं तर वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोल म्हणजे अंदाजे ७४० ग्रॅम, त्याला जवळजवळ ११ किलो हवा. एवढी हवा आकाराने होते सुमारे ९,००० लिटर. म्हणजे आपण पंपावर पैसे मोजतो एका लिटरचे, आणि फुकटात नऊ हजार लिटर वारा आत जातो. मारुती ८०० चं इंजिन नावात ८०० असलं तरी ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा भरतो. मिनिटाला ३,००० फेरे होत असतील आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, तर हिशेबाने मिनिटाला १,२०० लिटरच्या आसपास हवा. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, हजाराच्या आत धरा. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे चढाला लागलेली ही चिमुकली गाडी शंभराहून जास्त माणसांचा श्वास एकटी घेते.

आता गरम आणि थंड. हवा तापली की फुगते. तेवढ्याच जागेत मग कमी वजनाची हवा मावते, आणि इंजिनाला वजनाशी मतलब, आकाराशी नाही. हिशेब केल्व्हिनमध्ये करायचा. बाहेर ३० अंश सेल्सियस म्हणजे ३०३ केल्व्हिन, बॉनेटखाली ६० अंश म्हणजे ३३३. भागाकार केला तर गरम हवेत नऊ टक्के माल कमी भरतो. ढोबळमानाने तीन अंश वाढले की हवा एक टक्का पातळ होते.

पण म्हणून ताकदही नऊ टक्क्यांनी कमी होते का? नाही, आणि इथेच व्हिडिओवाले लोकांना गंडवतात. हवा आत जाताना मॅनिफोल्डच्या, व्हॉल्व्हच्या, सिलिंडरच्या तापलेल्या भिंतींना लागून नाहीतरी गरम होतेच. थंड आलेली जास्त उष्णता उचलते, गरम आलेली कमी. त्यामुळे इंजिनाची ताकद मोजणारे अभियंते तापमानाची दुरुस्ती वर्गमुळाने धरतात. तीन अंशांना एक टक्का नव्हे, अर्धा. तीस अंशांचा फरक पडला तर पाच टक्के. आता मारुती ८०० ची एकूण अश्वशक्ती चाळीससुद्धा नाही. तिचे पाच टक्के म्हणजे दोनही भरत नाहीत. तेही तीस अंशांचा फरक खरोखर असेल तर.

माझ्या मते या सगळ्या विषयात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे एक छोटं कोष्टक, जे कागदावर नाही, डोक्यात ठेवायचं. हवेतला एक टक्का म्हणजे तीन अंश सेल्सियस. एक टक्का म्हणजे पाण्याची दहा सेंटिमीटर उंची, कारण वातावरणाचा दाब पाण्याच्या साधारण दहा मीटर उंचीएवढा असतो. आणि एक टक्का म्हणजे डोंगर चढताना साधारण ८५ मीटर. या तिघांची एकमेकांशी बरोबरी लावता आली की कुठल्याही दाव्याची परीक्षा घेता येते. उदाहरणार्थ, कारवारच्या समुद्रकाठावरून आमच्या पठारावर, म्हणजे सुमारे सहाशे मीटर वर आलं, की सात टक्के हवा नुसत्या उंचीने गेली. ती कुठलीही नळी परत आणत नाही. आणि कचऱ्याने तुंबलेला जुना फिल्टर जर दहा सेंटिमीटर पाण्याएवढा अडथळा करत असेल, तर नवा कागदी फिल्टर टाकल्याने सबंध एक टक्का मिळतो, काहीही न कापता, न जोडता.

हा अडथळा घरी मोजता येतो, ही मला स्वतःला फार आवडलेली गोष्ट. सलाइनची असते तसली पारदर्शक बारीक नळी घ्यायची, ‘यू’ आकारात फळीवर तारेने बांधायची, त्यात रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरायचं. एक टोक उघडं, दुसरं टोक फिल्टरच्या पलीकडे, कार्बोरेटरच्या बाजूच्या पोकळीत. इंजिन ओढायला लागलं की एका बाजूचं पाणी चढतं. दोन्ही पातळ्यांमधला फरक सेंटिमीटरमध्ये वाचायचा, झालं. ‘यू’चे हात चांगले हातभर उंच ठेवा, नाहीतर रंगीत पाणी इंजिनच पिऊन टाकेल. मोजमाप झाल्यावर ते भोक पक्कं बुजवायचं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मॅनोमीटर म्हणून जे दाखवतात ते हेच, फक्त आपल्याला बारावीत त्याचा उपयोग कुणी सांगितला नाही.

मग थंड हवेची नळी निव्वळ फालतू का? तसंही नाही. कुठे उपयोगी आणि कुठे नाही हे बघायला हवं.

सपाट रस्त्यावर गाडी पन्नास-साठने चालली असेल तर बॉनेटखाली वारा खेळता असतो आणि मूळ सोंडेच्या तोंडाशी हवा बाहेरच्यापेक्षा फार गरम नसते. शिवाय तेव्हा ॲक्सिलरेटर अर्धाही दाबलेला नसतो. कमी पडलं तर पाय थोडा अजून दाबायचा, विषय संपला. ट्रॅफिकमध्ये उभी असताना बॉनेटखाली भट्टी असते हे खरं, पण उभ्या गाडीला ताकद कशाला हवी? मायलेज वाढतं हा दावा तर सोडूनच द्या. अर्ध्या पायावर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाला थंड हवेने मायलेज मिळायचं काही कारण नाही.

उरली एकच जागा, आणि नेमकी तीच आमच्या नशिबी: घाट. मोलेहून अनमोडला चढणारा राष्ट्रीय महामार्ग ७४८ घ्या. गाडीत पाच माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, पुढे भरलेला ट्रक, गिअर दुसरा, वेग वीस-पंचवीस. वारा जवळजवळ नाही, रेडिएटरचा पंखा सारखी गरम हवा मागे फेकतोय, आणि पाय मात्र तळाला टेकलेला. गरम बॉनेट आणि पूर्ण ताकदीची गरज या दोन गोष्टी एकाच वेळी फक्त इथेच येतात. इथे बाहेरची हवा थेट सोंडेत आली तर ते दोन-चार टक्के चालकाला कळतात. भावाची गरज खरी आहे, त्याचा नकाशा चुकीचा आहे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, साहित्यवाल्यांसारखं बोलू नको.

म्हणून आता करायचं कसं ते. सगळ्या खटाटोपाला मी एकच मर्यादा घालेन: आपली कारागिरी फिल्टरच्या अलीकडे, पलीकडे हात लावायचा नाही. अलीकडे म्हणजे बाहेरच्या हवेपासून फिल्टरपर्यंत. तिथे सांधा सैल राहिला तर जास्तीत जास्त थोडी गरम हवा शिरेल. पलीकडे, म्हणजे फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंत, केसाएवढी फट राहिली तर त्यातून आमची तांबडी माती थेट सिलिंडरमध्ये जाते. त्या मातीत सिलिका असते, पिस्टनच्या रिंगांना ती पॉलिश पेपरसारखी घासते. असं इंजिन एका दिवसात मरत नाही. वर्षभरात तेल खायला लागतं, धूर सोडतं, आणि तेव्हा कुणाला त्या नळीची आठवण येत नाही.

तेव्हा मूळ काळा डबा राहू द्यायचा. तो दिसायला कळकट असला तरी तीन कामं करतो. फिल्टरला गरम हवेपासून आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून आडोसा देतो. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनात कधी उलटा भडका उडाला तर तो आतच थोपवतो. उघडा फोमचा फिल्टर असेल तर तो पेटू शकतो, हे लक्षात घ्या. तिसरं काम आवाजाचं. डबा हा एक प्रकारचा सायलेन्सर आहे. तो काढला की इंजिन घोगरं गुरगुरतं आणि चालवणाऱ्याला वाटतं ताकद वाढली. ताकद वाढत नाही, कान फसतात. मला तर वाटतं घरगुती इनटेकच्या निम्म्या यशोगाथा या कानाच्या यशोगाथा आहेत.

डब्याला हवा घेणारी एक सोंड असते. आपल्याला फक्त ती सोंड लांब करून तिचं तोंड थंड जागी न्यायचंय. नळी किती जाड? व्हिडिओत तीन इंची दिसते म्हणून तीन इंची नको. ५० मिलिमीटर आतला व्यास पुरतो, आणि हे हिशेबाने सांगतेय. ५,००० फेऱ्यांना हे इंजिन सेकंदाला सुमारे २६ लिटर हवा घेईल, त्या नळीत वाऱ्याचा वेग होईल ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास. त्याला लागणारा दाब पाण्याच्या साधारण एक सेंटिमीटरचा. वळणांसाठी दोन-तीन धरा. आपल्या कोष्टकात म्हणजे टक्क्याचा चौथा हिस्सा. यापेक्षा जाड नळीने मिळणार काही नाही आणि बॉनेटखाली तिला जागा शोधताना घाम निघेल तो वेगळाच.

पीव्हीसी पाइप स्वस्त आणि प्लंबरकडे पडलेला असतो, पण साधा पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतो. बॉनेटच्या पुढच्या थंड कोपऱ्यात तो चालेल, एक्झॉस्टच्या आसपास मुळीच नाही. तिथे रबरी होस हवा, आतून गुळगुळीत असलेला. व्हॅक्यूम क्लीनरसारखी आतून खाचाखाचांची नळी वाऱ्याला अडवते. शिवाय एक गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानातच येत नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि थरथरतं, बॉडी थरथरत नाही. डब्यापासून हेडलाइटच्या कोपऱ्यापर्यंत सरळ कडक पाइप जोडला तर तो सारखा हिसके खातो आणि कुठेतरी तडकतो, बहुतेक डब्याच्या मानेपाशी. म्हणून मधे वीतभर तरी लवचिक रबर पाहिजेच. दोन्ही टोकांना स्क्रूच्या क्लिपा, आणि पुढचं टोक पत्र्याच्या पट्टीने बॉडीला बांधलेलं. एक्झॉस्टच्या बाजूने आडोसा हवा असेल तर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बोटभर अंतर सोडून उभा करा. नळीला कापड गुंडाळण्यापेक्षा मधली मोकळी हवा जास्त राखते, आणि कापडाने तेल शोषून घेतलं तर ते जळतं.

डब्याला इंजिनाकडून येणारी एक बारीक ब्रीदरची नळी असते, क्रँककेसमधली वाफ त्यातून परत जळायला येते. ती आहे तशी राहू द्यायची. ती काढून उघडी सोडलेल्या गाड्या मी पाहिल्यात. बॉनेटखाली सगळीकडे तेलाचा थर आणि त्यावर धूळ, वर पीयूसीच्या वेळी कटकट.

आता तोंड कुठे ठेवायचं, हा खरा प्रश्न. आणि इथे पुस्तकातला सल्ला आमच्या तालुक्यात येऊन मोडतो. परदेशी व्हिडिओत तोंड खाली बंपरमागे नेतात, कारण तिथे सगळ्यात गार वारा मिळतो. त्यांच्याकडे कोरडे डांबरी रस्ते. आमच्याकडे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, कॅसलरॉकचा पाऊस तर सगळ्यांना ऐकून माहीत. ओढ्यावर पूल नसतो, फरशी असते, आणि पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहतं.

पाणी दाबलं जात नाही. हवा जाते. या एका वाक्यात सगळा धोका आहे. मारुती ८०० च्या एका सिलिंडरचा आकार सुमारे २६५ सीसी. पिस्टन वर आल्यावर डोक्याशी जेवढी जागा उरते ती फक्त ३४-३५ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचा छोटा चमचा पाच मिलिलिटरचा असतो. असे सात चमचे. त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टनला वर यायला जागाच नाही, पण बाकीचे दोन सिलिंडर आणि फिरतं चाक त्याला ढकलतच राहतात. मग कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटून ब्लॉक फोडतो. बंपरमागचं तोंड एकदा पाण्यात बुडलं की शंभर माणसांचा श्वास घेणाऱ्या त्या ओढीला सात चमचे म्हणजे काहीच नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत. आणि आमच्या गाडीचं इंजिन उघडून बांधायचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीहून जास्त होईल, म्हणजे गाडी गेली. जुलैच्या रात्री वाड्यावर कुणाला कळा सुरू झाल्या तर मग फोन करून वाट बघायची, आणि फोनला रेंज मिळेल अशा जागी आधी चालत जायचं.

पाण्यात गाडी बंद पडलीच तर चावी फिरवायची नाही, हेही इथेच सांगून टाकते. माणूस घाबरून पहिली तीच गोष्ट करतो. ढकलून बाहेर काढायची, तिन्ही प्लग काढायचे, मग स्टार्टरने थोडं फिरवायचं. पाणी असेल तर प्लगच्या भोकांतून पिचकाऱ्या उडतील. ऑइलची काडी काढून बघायची, तेल चहासारखं दिसलं तर बदलल्याशिवाय सुरू करायची नाही.

म्हणून तोंड वर. हेडलाइटच्या मागे, बॉनेटच्या कडेला लागून, रेडिएटरच्या वाऱ्यातून बाजूला. ते पुढे वाऱ्याकडे रोखायचं नाही, खाली किंवा मागे वळवायचं. वेगाचा वारा तोंडात घेतला तर दाब वाढतो म्हणतात, पण ताशी ऐंशीलाही तो दाब तीन सेंटिमीटर पाण्याहून जास्त नसतो, म्हणजे पाव टक्का, आणि त्याबरोबर पावसाचे थेंब फुकट. नळीला वाटेत एक सखल वळण द्यायचं आणि त्याच्या तळाला पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे शिरलेलं पाणी तिथेच गळून जाईल. तोंडाला जाळी. उंदरांसाठी तर हवीच, पण आमच्याकडे कुंभारमाशीसाठी जास्त. चार दिवस गाडी उभी राहिली तर ती कुठल्याही नळीत मातीचं घर बांधते, आणि ते घर बरोबर दोन बोटं जाडीच्या भोकातच तिला आवडतं.

हल्याळच्या बाजूला ट्रॅक्टर दिसतात, त्यांच्या बॉनेटवर उभा पाइप आणि वर टोपीसारखा डबा असतो ना, तेही इनटेकच. ट्रॅक्टर बनवणाऱ्याला ताकद नको होती असं नाही. पण धूळ जमिनीलगत दाट असते आणि वर विरळ, म्हणून त्याने श्वास उंचावरून घेतला. टोपीत हवा गरगरून जड कण आधीच बाजूला पडतात. जीपना स्नॉर्केल लावतात तेही याच विचाराचं. जंगल आणि चिखलाच्या मुलखात माणसाने जी उत्तरं शोधलीत त्यांत ‘थंड’ हा शब्द शेवटी येतो. आधी कोरडी, मग स्वच्छ, मग थंड.

आता एक गंमत. थंड हवा नेहमीच चांगली असती तर कंपन्यांनी मुद्दाम गरम हवा दिली नसती. जुन्या कार्बोरेटरवाल्या कितीतरी गाड्यांच्या एअर क्लीनरला उन्हाळा-हिवाळा अशी खूण आणि खटका असे. हिवाळ्यावर केला की हवा एक्झॉस्टच्या अंगावरून गरम होऊन येते. कारण कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषतं, तिथलं तापमान वीस-वीस अंशांनीही खाली येऊ शकतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आमच्याकडे धुकं असतं, हवा ओली आणि गार. अशा वेळी कार्बोरेटरच्या घशात चक्क बर्फ धरू शकतो, आणि गाडी आचके देत बंद पडते. पाच मिनिटं उभी केली की आपोआप ठीक, आणि मेकॅनिककडे नेईपर्यंत बर्फ वितळलेला, त्यामुळे दोष सापडतच नाही. घरी नळी बसवताना ती गरम हवेची वाट लोक बिनकामाची समजून तोडून टाकतात. तोडू नका. आपली नळी अशी जोडा की थंडीत काढता येईल.

हे सगळं करायच्या आधी एक काम मात्र जरूर करायचं, आणि भावाकडून मी ते करून घेतलंय. लांब वायरचं डिजिटल थर्मामीटर मिळतं, फिश टँकला लावतात तसलं. दोन घ्यायची. एकाची वायर मूळ सोंडेच्या तोंडात, दुसऱ्याची आरशाच्या बाहेर सावलीत. दोन्ही आकडे घाटात, सपाटीवर, गाडी उभी असताना असे वहीत लिहायचे. सपाटीवर फरक पाच-सहा अंशच निघाला तर नळीचा खर्च वाचला. घाटात मोठा निघाला तर पुढे जायला कारण मिळालं. नळी बसवल्यावर पुन्हा तेच, शिवाय घाटातले दोन किलोमीटरचे दगड ठरवून त्याच गिअरमध्ये, तेवढीच माणसं घेऊन वेळ मोजायची. दोन्ही दिशांनी नव्हे, चढालाच, आणि एकदा नव्हे, चार-पाचदा. पुढे ट्रक आला तर तो आकडा खोडायचा. फिल्टरच्या पलीकडे बोट फिरवून थोडं ग्रीस लावून ठेवलं तर आठवड्याने त्यात कणकण लागतं का तेही कळतं. कण दिसले तर कुठेतरी गळतंय.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असे फेरबदल करू देत नाही. मूळ डबा, मूळ फिल्टर ठेवून सोंडेला नळी जोडण्याने पुस्तकातलं काही बदलत नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पुन्हा नोंदणीसाठी तपासणीला जावं लागतं तेव्हा मात्र बॉनेट उघडल्यावर प्लंबरचं दुकान दिसू नये, एवढी काळजी घ्यावी.

मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला ग्राहकाच्या हातात गेली आणि शेवटची जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. सुट्या भागांचा प्रश्न अजून आमच्याकडे तितकासा नाही, पण कार्बोरेटर हाताने जुळवणारे कारागीर कमी होत चाललेत. थंड, म्हणजे दाट हवा दिली की कार्बोरेटरमधलं मिश्रण किंचित पातळ होतं, तीस अंशांना पाचेक टक्के. बहुतेक गाड्यांना ते चालून जातं. पण प्लग पांढरे पडायला लागले, गाडी चढाला हिसके द्यायला लागली, तर स्क्रूड्रायव्हर घेऊन कान लावणारा माणूस लागतो. मामांच्या ओळखीचा एक आहे, लोंढ्याला. तो साठीच्या पुढचा आहे.

भावाने सध्या होस आणलाय, क्लिपा आणल्यात, शंकूचा फिल्टर आणलेला नाही. वहीत घाटाचे तीन आणि सपाटीचे चार आकडे झालेत. पाऊस सुरू व्हायच्या आत आणखी दोनदा अनमोड चढायचा आहे. मिरगाच्या आधी नळी बसली तरी ती काढून ठेवायची आणि दसऱ्यानंतर पुन्हा लावायची, असं मामांनी बजावलंय, आणि गळतीचं भोक त्यांनी स्वतः पाडलंय.